पालिका-पंचायतीतले काम: कुठल्या दारात जायचे आणि हातात काय घेऊन निघायचे

गोव्यातल्या लहान शहरात पालिकेचे किंवा पंचायतीचे काम रखडते, त्यामागे दोन कारणे मला पुन्हा पुन्हा दिसतात. एक तर अर्ज भलत्याच कचेरीत दिलेला असतो, नाहीतर योग्य कचेरीत देऊनही त्याला आवक क्रमांक, म्हणजे अर्ज मिळाल्याच्या नोंदीचा क्रमांक, पडलेला नसतो. डिचोलीत शेजारीपाजारी, नातेवाईक, बाजारातली ओळखीची माणसे कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे येतात तेव्हा मी पहिले हेच दोन प्रश्न विचारतो. त्यांना तोंडी सांगतो तेच इथे सविस्तर लिहितो आहे. घरपट्टी नावावर करण्याचा भाग मुद्दाम लांबवला आहे, कारण सर्वांत जास्त घोळ तिथेच होतो.

तुमचे घर पालिकेत की पंचायतीत?

गोव्यात तेरा नगरपालिका आहेत: म्हापसा, मडगाव, मुरगाव, फोंडा, डिचोली, साखळी, वाळपई, पेडणे, कुडचडे-काकोडा, केपे, सांगे, काणकोण आणि कुंकळ्ळी. पणजीला महानगरपालिका आहे. बाकीचा प्रदेश १९१ ग्रामपंचायतींत वाटलेला आहे. पालिकांचा कारभार १९६८ च्या गोवा नगरपालिका कायद्याने चालतो, पंचायतींचा १९९४ च्या गोवा पंचायत राज कायद्याने. म्हणजे अर्ज कुणाच्या नावे करायचा, निर्णय कोण घेणार आणि अपील कुठे करायचे, हे सगळे घर कुणाच्या हद्दीत येते त्यावर ठरते.

टपालाच्या पत्त्यावर विसंबू नका. पत्त्यात 'डिचोली' किंवा 'साखळी' लिहिणारे कितीतरी लोक प्रत्यक्षात कारापूर-सर्वण पंचायतीत राहतात. घरपट्टीच्या जुन्या पावतीवर वर कुणाचे नाव छापले आहे ते पाहा. पालिकेत अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे करायचा, नगराध्यक्षांच्या नव्हे. पंचायतीत सरपंच आणि सचिव दोघांच्या नावे केलेला बरा, कारण कागद सचिवाच्या टेबलावर जातो आणि ठराव पंचायत मंडळाच्या बैठकीत होतो.

कुठले काम कुणाचे

जन्म-मृत्यूची नोंद, घरपट्टी, व्यवसाय परवाना म्हणजे आपण ज्याला ट्रेड लायसन्स म्हणतो ते, बांधकाम आणि दुरुस्तीचा परवाना, वापर परवाना म्हणजे ऑक्युपन्सी, बाजार आणि सोपो म्हणजे बाजारात बसण्याचे शुल्क, कचरा, गटारे, अंतर्गत रस्ते ही कामे पालिका किंवा पंचायत करते.

उत्पन्नाचा दाखला आणि पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला मामलेदार कचेरीतून मिळतो. जमिनीच्या नोंदीतले म्युटेशन म्हणजे नावाचा फेरफार, आणि मुंडकार म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा म्हणून नोंदणीही मामलेदाराकडेच. जातीचा दाखला उपजिल्हाधिकारी देतात. सर्व्हे प्लॅन भूमापन खात्याकडे. विवाह नोंदणी, खरेदीखत, वारसा दस्त ही कामे सिव्हिल रजिस्ट्रार आणि सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत होतात. वीज आणि नळाचे पाणी ही राज्य सरकारच्या खात्यांची जबाबदारी आहे. नळाला पाणी नाही म्हणून पालिकेत भांडून काही हाती लागत नाही. महाराष्ट्रातून लग्न होऊन आलेल्या मुलींना विवाह नोंदणीचा भाग सांगावाच लागतो. गोव्यात ती सक्तीची आहे आणि दोन टप्प्यांत होते: आधी सिव्हिल रजिस्ट्रारसमोर लग्नाच्या इच्छेचे निवेदन, मग ठराविक मुदतीनंतर दुसऱ्यांदा जाऊन सही. नुसत्या पहिल्या सहीवर थांबलेली जोडपी वर्षानुवर्षे नोंदणी झाली असे समजून चालतात आणि पासपोर्ट काढायच्या वेळी अडकतात. दोन्ही सह्या झाल्या की नाही हे आजच घरातल्या कागदांत तपासून घ्या.

अर्ज असा लिहा

अर्ज मराठीत लिहिता येतो. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतली कोकणी राजभाषा झाली, पण शासकीय कामासाठी मराठीही वापरता येते असे त्याच कायद्यात आहे. तेव्हा इंग्रजी येत नाही म्हणून दुसऱ्याकडून पैसे देऊन अर्ज लिहून घेण्याचे कारण नाही. स्वतःच्या भाषेत लिहिलेला अर्ज जास्त नेमका असतो, कारण काय हवे ते आपल्याला माहीत असते.

अर्जात एकच मागणी ठेवा. घरपट्टी नावावर करा, समोरचे गटार साफ करा आणि शेजाऱ्याची भिंत पाडा हे तिन्ही एका कागदावर लिहिले तर तो कागद तीन टेबलांवर फिरतो आणि एकावरही टिकत नाही. नमुना हा असा:

प्रति,
मा. मुख्याधिकारी,
(गावाचे नाव) नगरपालिका.

विषय: घर क्रमांक ... ची घरपट्टी वारसाने माझ्या नावे करण्याबाबत.

महोदय,
वरील घराची घरपट्टी माझे वडील कै. ... यांच्या नावे आहे. त्यांचे निधन दि. ... रोजी झाले. सोबत जोडलेल्या वारसा दस्तानुसार मी त्यांचा वारस असून इतर वारसांची लेखी संमती जोडली आहे. चालू आर्थिक वर्षापर्यंतची घरपट्टी भरलेली आहे. तरी घरपट्टीच्या नोंदवहीत माझे नाव लावावे, ही विनंती.
जोडपत्रे: १) ... २) ... ३) ...
आपला, (सही, पूर्ण नाव, पत्ता, फोन)

जोडपत्रांना क्रमांक द्या आणि प्रत्येक झेरॉक्सवर सही करा. फाइलमधून एखादा कागद गहाळ झाला तर तो दिला होता हे दाखवायला हीच यादी कामी येते.

आता आवक क्रमांक. अर्जाच्या दोन प्रती न्यायच्या. एक कचेरीला, दुसऱ्या प्रतीवर आवक विभागाचा शिक्का, तारीख, क्रमांक आणि घेणाऱ्याची सही घ्यायची. 'ठेवून जा, साहेब आले की देतो' असे कुणी म्हणाले तर नम्रपणे थांबा आणि शिक्का घेऊनच बाहेर पडा. आवक नोंदवहीत नसलेला अर्ज कचेरीच्या लेखी अस्तित्वातच नसतो. मुदत मोजायची तर तिथूनच, अपील करायचे तर त्याच्याच आधारे. घरी आल्यावर शिक्क्याच्या प्रतीचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. पावसाळ्यात गोव्याच्या दमट हवेत शिक्क्याची शाई फिकी पडते.

बरेच दाखले आता 'गोवा ऑनलाइन' पोर्टलवरून मिळतात. जन्म-मृत्यूचे दाखले, एक-चौदाचा म्हणजे जमिनीच्या नोंदीचा उतारा, उत्पन्न आणि वास्तव्याचे दाखले यांसाठी आधी तिथे पाहावे. ऑनलाइन अर्जाला पोचक्रमांक आपोआप मिळतो, त्यामुळे आवकचा प्रश्नच उरत नाही. ज्यांना जमत नाही त्यांनी गावातल्या सामायिक सेवा केंद्रात जावे, पण पोचक्रमांक स्वतःच्या वहीत लिहून घ्यावा आणि मोबाईल नंबर स्वतःचा द्यावा. केंद्रवाल्याचा नंबर दिला तर ओटीपीसाठी दरवेळी त्याच्याकडे धावावे लागते.

घरपट्टी नावावर करणे

वडील वारले, घर आहे, घरपट्टी अजून त्यांच्याच, कधीकधी तर आजोबांच्या नावे येते. मुलगा निमूटपणे भरत राहतो. मग वीज मीटर बदलायचा असतो, दुरुस्ती करायची असते, बँकेचे कर्ज हवे असते, आणि तेव्हा नावाची घाई होते. घाईत हे काम होत नाही. घरात मृत्यू झाल्यानंतर वर्षभरात हे करून टाकावे, असे मी सगळ्यांना सांगतो.

पहिली पायरी थकबाकीची. मागची घरपट्टी आणि कचरा शुल्क पूर्ण भरा आणि पावत्या मागा. थकबाकी असताना अर्ज दिला तर पुढची सगळी बोलणी तिथेच थांबतात. मार्चअखेरीस खिडकीवर गर्दी असते, तेव्हा एप्रिलपासून फेब्रुवारीपर्यंत कधीही जा.

दुसरी पायरी वारसा दस्ताची, आणि इथे गोवा बाकीच्या देशापेक्षा वेगळा आहे. आपल्याकडे पोर्तुगीज नागरी कायद्याची परंपरा आहे. लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते. म्हणून वडील गेले तरी घराचा अर्धा हिस्सा आईचा स्वतःचा राहतो. वारसाहक्काने वाटले जाते ते वडिलांचे उरलेले अर्धे. त्यात मुलगे आणि मुली समान वाटेकरी. लग्न होऊन बेळगावला किंवा मुंबईला गेलेली बहीण वारस आहेच, आणि सामाईक मालमत्तेच्या तत्त्वामुळे भावंडांच्या जोडीदारांच्या सह्याही लागतात. 'बहिणींना काही नको आहे' हे तोंडी सांगून चालत नाही. त्यांना खरेच नको असेल तर त्यांनी रीतसर दस्त करून तसे लिहून द्यावे लागते. त्यांना हवे असेल तर तो त्यांचा हक्क आहे आणि तो मान्य करूनच पुढे जावे. बहिणीला अंधारात ठेवून केलेली नावे मी पुढे कोर्टात गेलेली पाहिली आहेत.

वारस कोण हे ठरवणारा वारसा दस्त, ज्याला कचेरीत सक्सेशन डीड म्हणतात, सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत विशेष नोटरी म्हणून नेमलेल्या अधिकाऱ्यासमोर होतो. त्यासाठी २०१२ चा गोवा वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी प्रक्रिया कायदा आहे. मृत्यूचा दाखला, आई-वडिलांच्या विवाह नोंदणीची प्रत, सगळ्या मुलांचे जन्मदाखले, विवाहित मुलांच्या विवाह नोंदणीच्या प्रती आणि कुटुंबाला ओळखणारे साक्षीदार लागतात. दस्ताची जाहिरात राजपत्रात येते, म्हणजे कुणी वारस सुटला असेल तर त्याला हरकत घेता येते. लक्षात घ्या, हा दस्त वारस कोण ते सांगतो. वाटणी करत नाही. वाटणीवर एकमत नसेल तर दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणी ठरवण्याची प्रक्रिया, दाखल करावी लागते. तो मार्ग लांबचा आहे आणि त्याला वकील लागतो.

या टप्प्यावर नावांच्या स्पेलिंगचा प्रश्न हमखास उभा राहतो. पोर्तुगीजकाळातल्या नोंदीत प्रभूचे 'पोरोब' झालेले असते, शेणवीचे 'सिनाय'. शाळेच्या दाखल्यात तिसरेच असते, आधारवर चौथे. वेगवेगळ्या कागदांवरची ही नावे एकाच माणसाची आहेत असा दाखला मामलेदार कचेरीतून मिळतो. त्याला डायव्हर्जन्स सर्टिफिकेट म्हणतात. सगळे कागद टेबलावर पसरून प्रत्येकावरचे नाव अक्षरन् अक्षर एका वहीत उतरवून घ्या आणि जिथे फरक दिसेल तिथे खूण करा. वारसा दस्त करण्याआधी हे काम झाले पाहिजे. नंतर केले तर दस्तातही चुकीचे नाव जाते आणि तो दुरुस्त करायला नव्याने सह्या गोळा कराव्या लागतात, त्यातली एखादी सही आखातातल्या भावाची असते.

तिसरी पायरी जमिनीच्या कागदाची. पंचायत भागात एक-चौदाचा उतारा आणि सर्व्हे प्लॅन काढा. शहर सर्वेक्षण झालेल्या भागात फॉर्म डी म्हणजे तिथला मिळकतीचा उतारा काढावा लागतो आणि त्यासाठी सर्वेक्षण नकाशाच्या पी. टी. शीटचा नंबर आणि त्यातल्या भूखंडाचा चलता नंबर लागतो. घर उभे आहे ती जमीन उताऱ्यात कुणाच्या नावे दिसते ते पाहा. भाटकाराच्या म्हणजे जमीनमालकाच्या किंवा कोमुनिदादच्या म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक जमिनीच्या संस्थेच्या नावे असेल तर अर्जात तसे प्रामाणिकपणे लिहा. मुंडकारांनी हा उतारा पाहून घाबरू नये. १९७५ च्या मुंडकार संरक्षण कायद्याने त्यांना घरातून काढता येत नाही, आणि घर व भोवतालची जागा विकत घेण्याचा अर्जही मामलेदाराकडे करता येतो: पंचायत भागात ३०० चौरस मीटरपर्यंत, पालिका भागात २०० पर्यंत. त्या दाव्यात वर्षानुवर्षांच्या घरपट्टीच्या पावत्या मोलाचा पुरावा ठरतात. जुन्या पावत्या रद्दीत घालू नका.

चौथी पायरी प्रत्यक्ष अर्जाची. वरचा नमुना, मृत्यूचा दाखला, वारसा दस्त, इतर वारसांची प्रतिज्ञापत्रावरची संमती, शेवटची घरपट्टी पावती, उतारा, ओळखपत्र. पंचायतीत असा विषय मंडळाच्या पंधरवड्याच्या बैठकीसमोर येतो. बैठक कालच झाली असेल तर पुढच्या बैठकीपर्यंत थांबावे लागणार हे गृहीत धरा. सचिवाला बैठकीची तारीख विचारा आणि तिच्या चार-पाच दिवस आधी अर्ज द्या म्हणजे विषयपत्रिकेत येतो. बैठक झाल्यावर ठरावाची प्रत मागा. नोंदवहीत नाव लागले की नव्या नावाची पावती घ्या; तोवर काम झाले असे समजू नका.

आणि एक गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी थोडीच. घरपट्टी नावावर झाली म्हणजे घराची मालकी मिळाली असे होत नाही. घरपट्टी हा कर आहे. मालकीसाठी दस्त आणि जमिनीच्या नोंदीतले म्युटेशन लागते, आणि ते वेगळे काम मामलेदार कचेरीत करायचे असते. 'घरपट्टी माझ्या नावे आहे' एवढ्यावर घर विकायला निघालेल्या माणसाकडून घेऊ नका.

जन्म आणि मृत्यूची नोंद

नोंद होते ती जिथे जन्म किंवा मृत्यू झाला तिथे, माणूस राहतो तिथे नव्हे. डिचोलीच्या बाईचे बाळंतपण म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात झाले तर बाळाची नोंद म्हापसा पालिकेत. बांबोळीच्या गोमेकॉत म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात आजोबा वारले तर त्यांचा दाखला गावच्या पंचायतीत शोधू नका. मृत्यू घरी झाला असेल तर मात्र कुटुंबप्रमुखाने स्वतः जाऊन स्थानिक नोंदणी करायची असते, आणि त्यासाठी डॉक्टरचे मृत्यूचे कारण सांगणारे प्रमाणपत्र लागते. ते त्याच दिवशी, अंत्यसंस्काराच्या गडबडीत असतानाच, कुणातरी शांत माणसाला घ्यायला पाठवा.

मुदत २१ दिवसांची. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून, वर्षाच्या आत वरिष्ठांच्या परवानगीने आणि वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्याच्या आदेशानेच नोंद होते. १ ऑक्टोबर २०२३ पासून सुधारित कायदा लागू आहे. त्या तारखेनंतर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत शाळाप्रवेश, मतदार यादी, पासपोर्ट अशा कामांत जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालणार आहे. म्हणून नवीन बाळाच्या दाखल्यातले प्रत्येक अक्षर घेताना खिडकीवरच वाचा. आईचे माहेरचे नाव पडले की सासरचे, वडिलांच्या नावाचे स्पेलिंग आधारशी जुळते का, हे तिथेच पाहिले तर पुढे दहा कचेऱ्या वाचतात.

बारशाआधी नोंद झाली तर नावाची जागा रिकामी राहते. नोंदणीपासून १२ महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येते, पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. चूक झालीच तर निबंधक मूळ नोंद न खोडता समासात दुरुस्ती नोंदवू शकतो. त्यासाठी इस्पितळाचा कागद आणि पालकांचे इतर पुरावे न्या.

पोर्तुगीजकाळातल्या जुन्या नोंदी सिव्हिल रजिस्ट्रारकडे असतात आणि फार जुन्या पणजीच्या पुराभिलेख खात्यात. पोर्तुगीज पासपोर्टसाठी धडपडणाऱ्यांमुळे या नोंदींना सतत मागणी असते, तेव्हा शोधायला वेळ लागणार हे धरून चाला. गावाचे नाव, अंदाजे साल आणि आईवडिलांची पूर्ण नावे दिलीत तर शोध लवकर लागतो.

दुरुस्ती आणि बांधकाम

दुरुस्तीचा अर्ज मे महिन्यात घेऊन येणारे खूप. तेव्हा सुतार, गवंडी, सचिव, सगळ्यांचीच ओढाताण असते. छप्पर फेरायचे असेल तर नाताळनंतर लगेच अर्ज द्या. जे काम करायचे तेवढेच लिहा, घराचे बाहेरून आणि आतून काढलेले फोटो जोडा, आणि घराच्या लांबी-रुंदीत बदल होणार नाही हे स्पष्ट लिहा. कौले आणि वासे बदलण्याच्या परवानगीवर भिंत पाडून खोली वाढवली की काम बेकायदा ठरते आणि शेजाऱ्याच्या एका तक्रारीवर काम बंद करण्याची नोटीस येते.

नव्या घराची वाट लांब आहे. प्रादेशिक आराखड्यात जमीन वस्तीच्या विभागात येते का ते नगरनियोजन खात्यात पाहायचे. शेतजमीन असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडून रूपांतराची सनद. मग नगरनियोजनाची तांत्रिक मंजुरी, आरोग्य केंद्राचा ना हरकत दाखला आणि शेवटी पंचायतीचा बांधकाम परवाना. नियोजन प्राधिकरणाच्या हद्दीत असाल तर नगरनियोजन खात्याऐवजी प्राधिकरणाकडे जावे लागते. हा क्रम उलटा केला तर काही उपयोग नाही. पंचायत आधीच्या कागदांशिवाय फाइल उघडत नाही. पंचायत राज कायद्याच्या कलम ६६ नुसार पंचायतीने ३० दिवसांत होकार किंवा नकार कळवायला हवा. कळवला नाही तर पंचायत उपसंचालकांकडे अपील करता येते. इथे पुन्हा तो आवकचा शिक्काच मुदतीचा साक्षीदार असतो. घर पूर्ण झाल्यावर वापर परवाना घ्यायला विसरू नका. वीज, पाणी आणि घरपट्टी तिघेही तो मागतात.

दुकान आणि बाजार

व्यवसाय परवान्यासाठी जागेच्या मालकाचा ना हरकत दाखला किंवा भाडेकरार, त्या जागेची घरपट्टी पावती आणि ओळखपत्र ही मूळ मागणी. खाण्याचे पदार्थ असतील तर अन्न आणि औषध प्रशासनाची नोंदणी, दारू असेल तर अबकारी खात्याचा वेगळा परवाना. परवान्याचे नूतनीकरण वेळेवर करा.

म्हापशाच्या शुक्रवारच्या किंवा डिचोलीच्या बुधवारच्या बाजारात भाजी, मिरच्या, फुले विकायला बसणाऱ्यांना सोपो द्यावा लागतो. दर किती हे पालिकेत विचारा, पावतीशिवाय पैसे देऊ नका आणि पावतीवरची रक्कम दिलेल्या रकमेशी जुळते का पाहा. दर आठवड्याला थोडे थोडे जास्त गेले तर वर्षाला बरेच होतात, आणि हे पैसे सहसा पहाटे उठून टोपली डोक्यावर घेऊन आलेल्या बाईचे असतात.

ग्रामसभा

पंचायतीच्या हद्दीतला प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सदस्य असतो. सभा बहुधा रविवारी असते आणि सूचना फलकावर लागते. प्रश्न तोंडी विचारण्याऐवजी सभेआधी लेखी द्या आणि आवक क्रमांक घ्या. मग तो इतिवृत्तात येतो. पुढच्या सभेत मागचे इतिवृत्त वाचले जाते, त्या वेळी आपला प्रश्न आणि दिलेले उत्तर नीट लिहिले आहे का ते ऐका आणि चुकीचे असेल तर तिथल्या तिथे हरकत घ्या. पालिकेत ग्रामसभा नसते. तिथे प्रभागाच्या नगरसेवकाला लेखी द्यायचे आणि त्याची प्रत मुख्याधिकाऱ्यांना द्यायची.

काम अडले तर

गोव्यात २०१३ पासून नागरिकांना ठराविक मुदतीत सेवा देण्याचा कायदा आहे. आपली सेवा त्याच्या यादीत आहे का, किती दिवसांची मुदत आहे आणि अपील कुणाकडे, हे कचेरीत विचारा. मुदत उलटली की एक स्मरणपत्र द्या, जुना आवक क्रमांक लिहून. पंचायतीच्या बाबतीत त्याची प्रत गटविकास अधिकाऱ्यांना, पालिकेच्या बाबतीत नगरविकास खात्याच्या संचालनालयाला. निवडणुकीची आचारसंहिता चालू असेल तर मंडळाचे ठराव रेंगाळतात, पण रोजचे दाखले थांबत नाहीत. 'आचारसंहिता आहे' हे कारण जन्मदाखल्याला लागू होत नाही.

तरीही हालचाल नसेल तर माहिती अधिकार. शुल्क १० रुपये. 'माझे काम का झाले नाही' असे विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. कागद मागा: 'दि. ... च्या आवक क्र. ... च्या अर्जावर आजवर झालेल्या कार्यवाहीच्या टिपण्यांची प्रमाणित प्रत द्यावी. सदर फाइल सध्या कोणत्या अधिकाऱ्याकडे आहे, ते नोंदीनुसार कळवावे. या विषयावर मंडळाच्या बैठकीत झालेल्या ठरावाची प्रत द्यावी.' एवढे तीन प्रश्न पुरतात. बऱ्याचदा माहिती येण्याआधी कामच होते.

उत्तराची मुदत ३० दिवस. आले नाही किंवा अपुरे आले तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील. पंचायतीचे पहिले अपील गटविकास अधिकारी ऐकतात. पालिकेत अपिलीय अधिकारी कोण ते माहिती अधिकाराच्या फलकावर लिहिलेले असते. तिथेही समाधान झाले नाही तर ९० दिवसांच्या आत गोवा राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील. आयोगासमोर वकील लागत नाही; मूळ अर्ज, आलेले उत्तर आणि पहिल्या अपिलाचा आदेश यांच्या प्रती तारखेच्या क्रमाने लावून न्या, आणि सुनावणीत मराठीत बोला.